मिलोचा वारसा

संकरित ज्वारीचे बी ज्या शेतात तयार होते, त्या शेतात ओळींचा एक ठरलेला हिशेब असतो. चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या, पुन्हा चार, पुन्हा दोन, आणि चहूबाजूंनी नराच्याच ओळींची किनार. सभोवती दोनशे मीटरपर्यंत दुसऱ्या ज्वारीचे ताट नको. फुलोरा आला की नराच्या कणसांवर पिवळे, भरलेले परागकोश लोंबू लागतात आणि हात लावला तर बोटांना पिवळी भुकटी लागते. मादीच्या कणसांवरही परागकोश बाहेर येतात, पण ते बारीक, पांढुरके आणि कोरडे असतात. त्यांत पराग नसतो. स्त्रीकेसर मात्र शाबूत असते, म्हणून शेजारच्या नराचा पराग वाऱ्याने आला की दाणा भरतो, आणि तो दाणा म्हणजे पुढच्या मृगाचे बियाणे. वऱ्हाडात गेली साठ वर्षे नुसत्या ‘हायब्रीड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या ज्वारीची सगळी उभारणी या रिकाम्या परागकोशावर झाली आहे. तो रिकामा का राहतो, एवढाच प्रश्न धरून आपण मागे निघालो, तर एकीकडे अडीचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन बागांपर्यंत जाऊन पोचतो आणि दुसरीकडे पेशीच्या आत, जिथे ऊर्जा तयार होते त्या तंतुकणिकेपर्यंत. या दोन वाटा फार उशिरा एकमेकींना भेटल्या. तोवर एकीवरून चालणाऱ्यांना दुसरीची खबरही नव्हती.

पहिली वाट फुलांची. जोसेफ गॉटलीब कोलरॉयटर हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तंबाखूच्या जातींचे संकर करत असे. १७६३ च्या सुमारास त्याने लिहून ठेवले की काही संकरित झाडांचे परागकोश वाळून जातात. त्यावर पुढे शंभर वर्षे कुणी फारसे बोलले नाही. १८७७ मध्ये चार्ल्स डार्विनने एकाच जातीच्या झाडांवर येणाऱ्या निरनिराळ्या फुलांवर पुस्तक लिहिले. त्यात रानथाइमच्या काही झाडांवर फक्त मादी फुले येतात आणि ती झाडे बी मात्र जास्त देतात, असे त्याने नोंदवले. हे कशाने घडते, हे त्या काळच्या ज्ञानाला सांगता येण्यासारखे नव्हते. १९०० मध्ये मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी एक असलेल्या कार्ल कॉरेन्सने पुढच्या काही वर्षांत या कोड्याला हात घातला. त्याचे गाजलेले काम मात्र आपल्या परसातल्या गुलबाक्षीवरचे. पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांची गुलबाक्षी घेऊन त्याने १९०९ मध्ये दाखवले की पिल्लू झाडाचा रंग आईच्या फांदीवर ठरतो. पराग कुठल्याही झाडाचा आणला तरी त्यात फरक पडत नाही. मेंडेलचे नियम पक्के होत होते त्याच दशकात त्या नियमांत न बसणारा, केवळ आईकडून चालणारा वारसा असा समोर आला. केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात काहीतरी वाहून नेले जाते, हे त्यातून उमगले. ते काय, हे कळायला आणखी अर्धे शतक लागायचे होते.

दुसरी वाट सूक्ष्मदर्शकाखालची. १८५७ मध्ये अल्बर्ट फॉन कोलिकरला कीटकांच्या स्नायूत बारीक कणांच्या रांगा दिसल्या. १८९० मध्ये रिचर्ड आल्टमानने हे कण जवळपास सर्व पेशींत असतात असे सांगितले आणि ते स्वतंत्र जिवंत घटक असून पेशीत वस्तीला आले आहेत, असा धाडसी दावा केला. समकालीनांनी तो मानला नाही, आणि आल्टमान एकटा पडला. १८९८ मध्ये कार्ल बेंडाने त्यांना मायटोकॉन्ड्रिया हे नाव दिले. आपल्या शालेय पुस्तकांत त्या तंतुकणिका झाल्या. त्या करतात काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. उत्तराचा पहिला मोठा तुकडा भलत्याच ठिकाणी, स्नायूंच्या रसायनात सापडला. १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करत होते. १९२९ मध्ये या दोघांनी स्नायूतून एटीपी हे द्रव्य वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यानेही ते शोधले. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमनने मांडले की पेशीतला सगळा ऊर्जेचा व्यवहार याच रेणूतून चालतो. १९४८ मध्ये शिकागोत यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी उंदराच्या यकृतावर काम करून सिद्ध केले की अन्न जाळून एटीपी घडवण्याचे काम तंतुकणिकेत होते. ते कसे होते, हे पीटर मिशेलने १९६१ मध्ये सांगितले: आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवायचे आणि त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी घडवायचे. त्यालाही बरीच वर्षे कुणी जुमानले नाही. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. या क्षेत्रातल्या माणसांना न्याय उशिरा मिळण्याची जणू परंपराच आहे, आणि सुब्बारावांच्या वाट्याला तर तो पुरता कधी आलाच नाही.

आल्टमानला मात्र मृत्यूनंतर न्याय मिळाला. १९६३ मध्ये स्टॉकहोममध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास या दांपत्याने कोंबडीच्या भ्रूणातील तंतुकणिकांत डीएनएचे धागे पाहिले. तंतुकणिकेला स्वतःची जनुके आहेत, म्हणजे ती पूर्वी खरोखरच स्वतंत्र जीव होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका जिवाणूने दुसऱ्या पेशीत घर केले आणि तिथेच राहून गेला. १९८१ मध्ये केंब्रिजच्या चमूने माणसाच्या तंतुकणिकेचे संपूर्ण लिखित वाचून काढले: १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके. बाकीची हजारेक जनुके केव्हाच केंद्रकात हलवली गेली होती. मग ही एवढीच मागे का राहिली? १९९३ मध्ये जॉन ॲलन याने यावर जो विचार मांडला तो मला सर्वांत पटणारा वाटतो. श्वसनाचा कारखाना जिथे चालतो तिथली अवस्था, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे तुंबले आहेत आणि कुठे कमी पडत आहेत, ही दर क्षणी बदलत असते. त्या अवस्थेला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, तर त्या यंत्राचे काही भाग घडवणारी जनुके यंत्राजवळच हवीत. दूरच्या केंद्रकाला विचारून ते काम वेळेवर होणार नाही.

ऊर्जेची पातळी जनुकांवर कशी हुकूमत चालवते, याचा थेट पुरावा १९८७ पासून येऊ लागला. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. यीस्टच्या तंतुकणिकेत डीएनएवरून आरएनएची प्रत काढणारे विकर जिवाणूंच्या विकरासारखे नसून टी-७ आणि टी-३ या विषाणूंच्या विकरासारखे एकसंध आहे, हे मास्टर्स, स्टोल आणि क्लेटन यांनी दाखवले. कारखाना जिवाणूचा, पण त्यातला लेखनिक विषाणूच्या घराण्यातला, अशी ही चमत्कारिक वंशावळ. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ज्युसेप्पे अट्टार्डी यांच्या प्रयोगशाळेत नरसिंहन यांनी सिद्ध केले की माणसाच्या तंतुकणिकेत प्रत काढण्याच्या अगदी पहिल्या टप्प्याला खास करून एटीपी लागते. वेगवेगळ्या प्रकारच्या आरएनएंसाठी एटीपीची गरज अगदी वेगवेगळी असते, हेही याच गटाने नोंदवले. पुढे २००६ मध्ये कोलोरॅडोत एलिझाबेथ अमियट आणि जुडिथ जेनिंग यांनी यीस्टमध्ये ही साखळी पूर्ण जोडून दाखवली. आपण इथे क्षणभर थांबून पाहू, कारण यातली कल्पकता विलक्षण आहे. आरएनए चार अक्षरांत लिहिले जाते, आणि त्यांतले ‘ए’ हे अक्षर लिहिण्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणजेच एटीपी. जे पेशीच्या ऊर्जेचे चलन, तेच तिच्या लिपीतले एक अक्षर. ज्या जनुकाची प्रत ‘ए’ने सुरू होते, तिथे लेखनिकाला सुरुवातीलाच पुरेसे एटीपी हाती आले तर लेखन सुरू होते, नाहीतर अडते. श्वसन जोरात असले की एटीपी भरपूर, आणि जनुके भराभर वाचली जातात. श्वसन मंदावले की प्रतीही घटतात. वेगळा निरोप्या लागत नाही. ऊर्जेची मोजणी आणि जनुकाचे वाचन एकाच रेणूच्या उपलब्धतेत होऊन जाते.

आता पुन्हा फुलांच्या वाटेवर येऊ, कारण मधल्या काळात तिथे शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट घडत होती. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना इटालियन रेड कांद्याच्या एका झाडावर पराग नसल्याचे दिसले. त्या एका झाडाला त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले आणि १९४३ पर्यंत त्यातून संकरित कांद्याची रीत बसवली. १९३१ मध्ये मार्कस ऱ्होड्स यांनी पेरूमधून आलेल्या मक्यात आईकडून येणारे नरवंध्यत्व सांगितले. ज्वारीच्या बाबतीत हे काम टेक्सासमधल्या चिलिकोथे या छोट्या गावातल्या केंद्रात झाले. जोसेफ स्टीफन्स यांनी पूर्व आफ्रिकेच्या मुळाची मिलो ज्वारी आई म्हणून घेतली, दक्षिण आफ्रिकेच्या मुळाची काफिर ज्वारी बाप म्हणून घेतली, आणि पुढच्या प्रत्येक पिढीला पुन्हा पुन्हा काफिरचाच पराग दिला. हळूहळू केंद्रक सगळे काफिरचे झाले, पेशीद्रव मात्र मिलोचेच राहिले. आणि परागकोश रिकामे पडले. स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ मध्ये हे प्रसिद्ध केले. मिलोच्या तंतुकणिकेत पराग मारणारे काहीतरी आधीपासून होते. पण मिलोच्या स्वतःच्या केंद्रकात त्याला गप्प बसवणारे जनुकही होते, म्हणून मिलो स्वतः फळत राहिली. काफिरच्या केंद्रकाकडे तो लगाम नव्हता. आफ्रिकेच्या दोन भागांतल्या ज्वारींच्या या विसंगतीवर थोड्याच वर्षांत अमेरिकेची ज्वारी संकरित झाली.

हे ज्ञान वऱ्हाडात आले तेव्हा इथली ज्वारी काय होती, हे आठवले पाहिजे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचली, आणि पूर्णेच्या काळ्या जमिनीवर कापूस राजा झाला. तरी ज्वारी हटली नाही, कारण कापूस विकायचा असला तरी घरच्या भाकरीला दाणे आणि बैलांना कडबा ज्वारीच देत होती. इथली गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाई, दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवे आणि पाऊस पुरता सरल्यावर कापणीला येई, म्हणून तिचा दाणा स्वच्छ राही. खतापाण्याला ती फारशी दाद देत नसे. १९६० च्या दशकाच्या आरंभी देशावर धान्यटंचाईचे सावट होते. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने ज्वारीचे काम सुरू झाले, आणि नीलमराजू गंगाप्रसाद राव यांनी काफिर ६० ची नरवंध्य मादी आणि आयएस ८४ हा नर यांच्या संकरातून सीएसएच-१ ही भारताची पहिली संकरित ज्वारी उभी केली. १९६४ मध्ये ती प्रसारित झाली. याच राव यांनी १९६२ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती, की भारतीय ज्वारींतही पेशीद्रवातून येणारे नरवंध्यत्व आढळते. सीएसएच-१ च्या गाजावाजात त्या नोंदीकडे दुर्लक्ष झाले. आपण तिच्याकडे शेवटी परत येणार आहोत.

सीएसएच-१ ला महाराष्ट्रात मोठा आधार मिळाला तो वऱ्हाडच्याच माणसाकडून. पुसदच्या वसंतराव नाईकांनी १९६३ मध्ये मुख्यमंत्रिपद घेतले होते आणि संकरित ज्वारी त्यांनी राज्याच्या स्वयंपूर्णतेचा मार्ग मानली. १९६६ च्या खरिपापासून अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि हायब्रीडची पिशवी गावोगाव पोचली. पापळ गावी जन्मलेले, अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी करणारे आणि दहा वर्षे केंद्रात शेतीचे खाते सांभाळलेले डॉ. पंजाबराव देशमुख हे पाहायला फार काळ राहिले नाहीत. १९६५ मध्ये ते गेले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्वारीच्या कामाला वऱ्हाडात कायमचे ठिकाण मिळाले. शेतकऱ्यांचा अनुभव मात्र दुहेरी होता. दाणा दुप्पट-तिप्पट पदरात पडे, ताट बुटके म्हणून कडबा कमी निघे. पीक शंभर-सव्वाशे दिवसांत तयार होई, पण नेमके परतीच्या पावसात सापडे आणि कणसे काळी पडत. खोडमाशी आणि मिजमाशी गावरानपेक्षा हायब्रीडवर तुटून पडत. घरचे बी ठेवून पेरले तर पुढच्या वर्षी काही ताटांचे परागकोश पुन्हा रिकामे निघत, कारण पेशीद्रव मिलोचे कायम राहते आणि लगाम घालणारे जनुक सगळ्या पिल्लांना मिळत नाही. दर मृगाला नवी पिशवी घेण्याची सवय वऱ्हाडी शेतकऱ्याला लागली ती इथून. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लालसर मिलो आली. ती खाल्लेली पिढी तिची चव अजून विसरलेली नाही, पण त्याच मिलोचे पेशीद्रव आपल्या शेतातल्या हायब्रीडच्या प्रत्येक पेशीत आठ वर्षांपासून नांदत होते, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या काळात ज्वारीच्या बियाण्याची व्यवस्था उभी राहिली. १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, अकोल्यात मुख्यालय घेऊन सुरू झाले. सीएसएच-५ आणि नंतर सीएसएच-९ यांनी पहिल्या पिढीचे दोष बरेच कमी केले. सीएसएच-९ ने तर खरिपाची मोठी मजल मारली. १९९२ च्या सीएसएच-१४ चे आईबाप दोन्ही अकोल्याचे आहेत, एकेएमएस १४ ए ही मादी आणि एकेआर १५० हा नर. ‘ए’ ओळ स्वतःच्या परागाने वाढूच शकत नाही. तिची बहीण असलेली ‘बी’ ओळ, जिचे केंद्रक तेच पण पेशीद्रव निर्दोष, तिचा पराग देऊन ती दरवर्षी जपावी लागते. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हे काम करणाऱ्या मजुरांचे, फुलोऱ्यात ओळीओळीने फिरून एखादे भेसळीचे कणीस वेळीच उपटणाऱ्या बायामाणसांचे नाव कुठल्याही वाणाच्या कागदावर नसते, पण त्यांच्या नजरेशिवाय एकही पिशवी प्रमाणित झाली नसती.

दोन वाटा भेटल्या त्या १९७० च्या दशकात, आणि त्या भेटीला एक संकट कारण झाले. अमेरिकेत मक्याचा तुरा हाताने खुडण्याची मजुरी वाचवायची म्हणून जवळपास सगळ्या संकरित मक्यात ‘टेक्सास’ नावाचे एकच नरवंध्य पेशीद्रव वापरले जात होते. १९६१ मध्ये फिलिपिन्समधून इशारा आला होता की हा मका पानावरच्या करप्याला लवकर बळी पडतो. तो कुणी मनावर घेतला नाही. १९७० मध्ये करपा देशभर पसरला आणि मक्याचे सुमारे १५ टक्के पीक गेले. मग शोध सुरू झाला. १९७६ मध्ये लेव्हिंग्ज आणि प्रिंग यांनी दाखवले की नरवंध्य मक्याचा तंतुकणिकेतला डीएनएच वेगळा आहे. कॉरेन्सला आईकडून येणारा जो वारसा दिसला होता आणि बेंडाने ज्या कणांना नाव दिले होते, त्या दोघांचा दुवा नरवंध्य पिकांत इथे पक्का झाला. १९८६ मध्ये त्या मक्यातले दोषी जनुक सापडले. तुटलेल्या तुकड्यांची मोडतोड करून ते जोडले गेले होते, आणि त्याचे प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसत होते. करप्याचे विष आले की पडद्याला भोके पडत आणि मिशेलने सांगितलेला प्रोटॉनांचा साठा वाहून जाई. नरवंध्यत्व आणि रोगाला बळी पडणे, दोन्ही एकाच प्रथिनाचे काम होते. त्याच १९८६ मध्ये ज्वारीच्या एका वेगळ्या नरवंध्य पेशीद्रवात श्वसनसाखळीतल्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक नेहमीपेक्षा लांब असल्याचे आढळले. वनस्पतींच्या तंतुकणिकेतील डीएनए माणसाच्या तुलनेत फार मोठा असतो. ज्वारीत तो साडेचार लाखांहून अधिक अक्षरांचा आहे आणि सतत आपापसांत अदलाबदल करत राहतो, म्हणून अशी जोडतोड तिथे घडत राहते.

पण ही चूक सगळ्या झाडात असून झाड का मरत नाही? पान, खोड, मूळ हिरवेगार, दाणा भरण्याची ताकद शाबूत, आणि एकट्या परागकोशातच निकाल लागतो, असे का? याचा माग काढणारा हॅरी वॉर्मकी १९७२ मध्ये ज्वारीच्याच परागकोशांवर काम करत होता. १९७८ मध्ये त्याने आणि लीने मक्यात मोजून दाखवले की पराग तयार होण्याच्या वेळी परागकोशाच्या आतल्या पोषक थरात दर पेशीमागे तंतुकणिकांची संख्या सुमारे चाळीस पट आणि पराग देणाऱ्या पेशींत वीस पट वाढते. झाडाच्या आयुष्यात ऊर्जेची एवढी मागणी दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी नसते. इतर अवयवांना पुरून उरणारी, थोडी लंगडणारी तंतुकणिका इथे कमी पडते. सूर्यफुलात पुढे दिसले की एटीपी घडवणाऱ्या यंत्राच्या जनुकाशेजारीच दोषी जनुक बसले आहे, त्या यंत्राचे काम मंदावते, आणि पोषक थर वेळेआधीच मरतो. ऊर्जेची तूट हे एकच कारण सर्व पिकांत पुरेसे आहे असे कुणी जाणता म्हणणार नाही. प्रथिनाचा विषारीपणा आणि तंतुकणिकेकडून केंद्रकाला जाणारे चुकीचे निरोप, हीही कारणे त्यात मिसळलेली असतात. तरीही परागाच्या क्षणी मागणी आणि पुरवठा यांची जी गाठ पडते तिच्याभोवतीच ही सगळी कारणे फिरतात.

मग एकेआर १५० सारखा नर काय करतो? २००० च्या आसपास स्मॉल आणि पीटर्स यांनी वनस्पतींच्या केंद्रकात प्रथिनांचे एक मोठे घराणे ओळखले. त्याला पीपीआर म्हणतात, आणि एका लहानशा रोपातही त्याची चारशेहून अधिक जनुके असतात. ही प्रथिने केंद्रकाच्या हुकुमाने घडतात, तंतुकणिकेत जातात आणि तिथल्या एकेका आरएनएला नेमके पकडून ते कापतात, दुरुस्त करतात किंवा गप्प बसवतात. पिटुनियात, भातात आणि २००५ मध्ये ज्वारीत, पराग परत आणणारे जनुक याच घराण्यातले निघाले. म्हणजे चिलिकोथेत १९५४ मध्ये जो लगाम नुसत्या निरीक्षणाने ओळखला गेला, तो तंतुकणिकेतल्या जनुकांच्या वाचनावरचा केंद्रकाचा ताबा होता. तंतुकणिकेत एटीपीच्या पातळीवर चालणारे जवळचे नियंत्रण आणि केंद्रकातून येणारा हा दूरचा पहारा, या दोहोंच्या मध्ये परागाचा दाणा घडतो किंवा घडत नाही. वऱ्हाडातल्या हायब्रीडच्या पिशवीत बाप म्हणून जो निवडला जातो तो उंची, दाणा, रोगप्रतिकार यांसाठी तर असतोच, पण आधी या पहाऱ्यासाठी.

कपाशीकडेही ही रीत वळली. १९७५ मध्ये व्हेस्टा मेयर यांनी बाजा कॅलिफोर्नियातल्या गॉसिपियम हार्कनेसी या रानकपाशीचे पेशीद्रव नेहमीच्या कपाशीत आणले, आणि अकोल्याच्या विद्यापीठाने त्यावर आधारून पीकेव्ही हायब्रीड-३ हा वाण दिला. कपाशीच्या बियाण्यासाठी बायाबापड्या दुपारभर कळ्यांतले पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकेका फुलाला पराग लावतात. ते कष्ट यातून वाचले असते. पण कपाशीत पराग परत आणणारे नर भरवशाचे निघाले नाहीत आणि हाताचेच काम पुढे चालले.

अकोला-अमरावतीच्या खरिपात ज्वारीची जागा १९९० नंतर सोयाबीनने घेतली आहे. रोही आणि रानडुकरे यांच्या त्रासाने उरलीसुरली ज्वारीही गावाजवळच्या तुकड्यांत आली. मेळघाटातल्या कोरकू घरांत ती अजून भाकरीची म्हणून टिकून आहे. २०२३ च्या भरडधान्य वर्षाने पुन्हा तिच्याकडे लक्ष वळवले आणि जुने वाण, हुरड्याचे वाण, हायब्रीड, सगळेच पुन्हा चर्चेत आले. या चर्चेत एक गोष्ट मात्र फारशी निघत नाही, ती मला निघायला हवी असे वाटते. भारतातल्या जवळपास सगळ्या संकरित ज्वारीचे पेशीद्रव आजही चिलिकोथेच्या त्या मिलोचेच आहे. मक्यावर १९७० मध्ये आले तसे संकट ज्वारीवर आलेले नाही, पण एकाच आईवर सगळा भार टाकण्याची चूक तीच आहे. शिवाय मिलोच्या या पेशीद्रवाला रब्बीतल्या थंड रात्री मानवत नाहीत. तापमान उतरले की संकरित ताटांत पराग पुरता भरत नाही आणि कणसात दाणे विरळ बसतात. म्हणून रब्बीत आजही मोहोळची मालदांडी ३५-१ राज्य करते. आणि राव यांनी १९६२ मध्ये भारतीय ज्वारीत ज्या नरवंध्यत्वाची नोंद केली, त्या प्रकारात हे मालदांडीचेच पेशीद्रवही येते. शास्त्रीय यादीत ते ए-४ म्हणून आहे. त्याला लगाम घालणारे, पराग पूर्ण परत आणणारे नर वाण फार थोडे सापडतात, म्हणूनच ते साठ वर्षे कपाटात राहिले. तंतुकणिकेतले आरएनए आणि पीपीआर जनुके वाचण्याची साधने आता हाती आहेत. ती घेऊन गावरान ज्वारीच्या साठ्यांतून तसे नर हुडकण्याचे काम अकोल्याच्या ज्वारी संशोधकांनी आणि मोहोळच्या केंद्राने मिळून हाती घ्यावे, आणि त्यासाठी मेळघाटातून, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातून उरलेली गावरान कणसे पुढच्या दोन-तीन हंगामांतच गोळा करावीत.